अंगावरचं

दाराला किल्ली लावताना आत इतकं सामसूम होतं की समिधाला वाटलं, आजी-नात दोघी झोपल्यात. तिनं चपला बाहेरच काढल्या, पर्सची चेन वाजू नये म्हणून ती पोटाशी धरली आणि दार हळूच आत लोटलं. मीरारोडच्या ज्या लॅबमध्ये ती रक्ताचे नमुने घ्यायची तिथली वीज सकाळी गेली ती आलीच नाही, जनरेटरही थोडा धूर सोडून गप्प बसला, आणि शनिवारच आहे म्हणून सगळ्यांना घरी पाठवलं होतं. रिक्षात बसल्यापासून ती मनातल्या मनात पुढचं रंगवत आली होती. लेक, दिव्या, आधी दचकेल, मग ओळखेल, मग दोन्ही हात वर करून डुगडुगत धावत येईल, आणि आपण पर्ससुद्धा खाली न ठेवता तिथंच बसकण मारू. छाती सकाळपासून दुधानं भरून आली होती. गोल्डन नेस्टच्या चौकातल्या खड्ड्यांत रिक्षा आदळली की कळ थेट काखेत जायची, आणि त्या कळीचंही तिला आज काही वाटत नव्हतं. कळ होती, पण तिला जायला घर होतं.

हॉलमध्ये पंखा फिरत होता. गोदूबाई, तिच्या नवऱ्याची, धनेशची आई, भिंतीला पाठ टेकून, पाय पसरून लादीवर बसल्या होत्या. त्यांच्या ब्लाउजची खालची हुकं सुटलेली होती. दिव्या त्यांच्या मांडीवर आडवी होती, एक पाय हवेत सावकाश हलत होता, जसा तो नेहमी हलायचा, समिधाच्या मांडीवर असताना. आणि तोंडात गोदूबाईंचा तो सुकलेला, लोंबता स्तन होता. दिव्यानं नुसते डोळे वळवले. आईला पाहिलं. ओळखलंही, कारण डोळ्यांच्या कडा हसल्या. पण तोंड सोडलं नाही.

"आलीस? लवकर सुटलीस?" गोदूबाई म्हणाल्या. त्या दचकल्या नाहीत, पदर ओढला नाही. "उठली ती रडायलाच लागली. गप र्‍हाईना. मंग घेतली."

दूध उतू जात होतं, गॅस बंद केला, इतक्या साधेपणानं. समिधा "हो" म्हणाली. "हो, लाइट गेली लॅबची," असंही म्हणाली. मग ती बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि कडी लावून बादलीसमोर उभी राहिली. आणि तेव्हा तिला कळलं की कुर्ता पुढून ओला झालाय. बाहेर पंख्याच्या घरघरीत दिव्याचा तो चुटचुट आवाज नळाच्या आवाजातूनही ऐकू येत होता, की येत नव्हता, पण अंगाला तो पोचला होता आणि अंग मुकाट वाहायला लागलं होतं. पोर दुसरीकडे ओढतेय आणि पाझरतेय मी. या शरीराला काही लाजबीज? तिनं ओढणीचा बोळा करून छातीवर दाबून धरला. बादली भरून वाहायला लागली तरी तिनं नळ बंद केला नाही.

कधीपासून? हा प्रश्न आधी आला आणि मागोमाग त्याची उत्तरं आली, न बोलावता, एकेक करून. दिव्या अलीकडे संध्याकाळी दारापर्यंत पळत येत नव्हती. तिला वाटलं होतं, मोठी होतेय. "काय त्रास न्हाय दिला पोरीनं," असं गोदूबाई रोज सांगायच्या आणि तिला किती बरं वाटायचं ते ऐकून. आणि तो वास. दिव्याच्या गालाला, ओठांच्या कोपर्‍याला कधीकधी मिसरीचा वास यायचा. आजीनं मुका घेतला असेल, म्हणून तिनं तो पुसून टाकला होता. आता तोच वास तिच्या नाकात शिरून बसला. म्हणजे लॅबमध्ये दुपारी, छाती दगड झाली की ती त्या खोपट्याएवढ्या वॉशरूममध्ये बेसिनवर वाकून दूध पिळून टाकायची, तेव्हाच इथं हे चालायचं. बाहेरून कुणीतरी दार ठोकायचं, "मॅडम, पेशंट बैठा है," आणि ती घाईघाईत पिळायची, पांढरी धार बेसिनच्या पिवळट डागावरून वाहत जाळीत जायची. ते बघवत नसे म्हणून ती नळ सोडून द्यायची. तिला वाटायचं, हे मीरारोडच्या गटारातून खाडीत जात असेल. आणि खाडी तर भाईंदरच्या जेसल पार्कात, आमच्या खिडकीखाली येते. भरतीला तिवरांच्या मुळांशी फेस साचतो तेव्हा तिला उगाच वाटायचं की त्यातलं थोडं आपलं आहे. दूध घराच्या मागून वाहत जायचं आणि त्याच वेळी घरात पोर कोरडं ओढत पडलेली असायची. यात चूक कुणाची होती? कुणाचीच नव्हती, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. कुणाची तरी असायला हवी होती.

ती बाहेर आली तेव्हा दिव्या उठून बसली होती आणि गोदूबाई हुकं लावत होत्या. "ये," समिधा म्हणाली. दिव्या आली. तिला जवळ घेतलं, कुर्त्याची चेन उघडली, आणि दिव्यानं नेहमीसारखं तोंड लावलं, दुसर्‍या हातानं दुसरी बाजू चाचपत. सगळं नेहमीसारखंच होतं. पण समिधा तिच्या जिभेकडे लक्ष देत होती. ती तुलना करत असेल का? इथं काही येतं, तिथं काही येत नाही, हे तिला कळत असेल ना? मग कळूनही ती तिथं का जाते? तिनं पोरीच्या केसांचा वास घेतला. तेल, घाम आणि कुठंतरी आत, अगदी आत, मिसरी.

तिला स्वतःची आई आठवली, अनसूया. नवघरच्या जुन्या गावात, आजूबाजूला टॉवर उठत असताना मधेच राहून गेलेल्या त्यांच्या कौलारू घराच्या ओट्यावर बसलेली, धाकट्या भावाला पदराखाली घेतलेली. समिधा तेव्हा शाळेत जायला लागलेली होती. तिनं पदराचं टोक उचललं आणि म्हणाली, "मला पण." अनसूया हसली. नुसती हसली असती तरी चाललं असतं. पण तिनं शेजारणींकडे वळून सांगितलं, "बघा गं, एवढी घोडी झाली आणि हिला अजून पायजे." आणि ओट्यावरच्या सगळ्या बायका हसल्या, तोंडाला पदर लावून, तांदूळ निवडता निवडता. समिधा घरामागं जाऊन विटांच्या ढिगावर बसून राहिली होती. अनसूया आता नाही, ओटा नाही, त्या जागी गाड्या लावतात. ते हसू मात्र कुठंही गेलं नाही. लग्नाआधी, मूल होण्याच्या आधी, कधीतरी तिनं ठरवून टाकलं होतं की आपली मुलगी स्वतः होऊन सोडेल. तिच्यावर कुणी हसणार नाही, तिला कुणी ढकलणार नाही. दिव्या दोन वर्षांची व्हायला आली. सगळे म्हणत होते, आता सोडव. धनेश म्हणत होता, लॅबमधल्या बायका म्हणत होत्या, गोदूबाई तर वर्षाची झाल्यापासून म्हणत होत्या. ती सगळ्यांना एकच सांगायची, "ती सोडेल तेव्हा." हे वाक्य म्हणताना तिला स्वतःचा थोडा अभिमान वाटायचा. आज तो अभिमान कुणीतरी उघडून त्यातलं रिकामं भांडं दाखवल्यासारखं झालं.

धनेश आला तो हातातलं ग्रीस धुवायला सरळ किचनच्या सिंकशी गेला. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता, आणि त्याच्या नखांतलं काळं कधी पूर्ण निघत नसे. समिधानं कुकरची शिट्टी होऊ दिली आणि त्या आवाजाच्या आडोशानं म्हणाली, "आई तिला पाजतात."

"काय पाजते?"

"अंगावर घेतात. स्वतःच्या. आज बघितलं मी."

त्याला समजायला जरा वेळ लागला. मग तो हसला. वाईट नाही, उचकी लागल्यावर माणूस हसतो तसा. "अगं, पण तिला येतंय कुठं काय?"

"म्हणूनच."

"म्हणजे येत असतं तर चाललं असतं?"

समिधानं कुकरखालची आच कमी केली. तो हात पुसत राहिला. "आई आहे माझी, समिधा. बाहेरची कुणी नाय. आमच्या गावात सगळ्या करायच्या. पोर रडलं की जी जवळ असेल ती घ्यायची."

"मी तिची वाटी-चमचासुद्धा उकळते, धनेश."

"मग सांग ना तिला."

"तू सांग."

"मी काय सांगू? आईला? हे?" त्याचे कान लाल झाले. त्या लाल कानांकडे बघताना समिधाला त्याची कीव आली आणि रागही आला, आणि त्यातला कुठला खरा ते ठरवायला वेळ न देता ती म्हणाली, "उद्यापासून बंद."

"काय बंद?"

"सगळंच. मीच सोडवते तिला. म्हणजे कुणाकडंच मागायला नको."

"तूच तर म्हणायचीस, ती सोडेल तेव्हा..."

"म्हणायचे," ती म्हणाली आणि कुकरखालचा गॅस बंद केला.

रविवारी सकाळीच धनेशला कुठल्याशा सोसायटीतून फोन आला, लिफ्ट मधेच अडकली म्हणून, आणि तो गेला. जाताना त्यानं दोघींकडे असं बघितलं की त्याला त्या अडकलेल्या लिफ्टचे उपकारच वाटत असावेत. समिधानं आंघोळ केली, केस घट्ट बांधले आणि गोदूबाईंना म्हणाली, "आई, तुमच्याकडं काळा बोळ आहे ना? पोटाला लावायचा तो?"

गोदूबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "कशाला?"

"दिव्याला सोडवायचंय. जरा उगाळून द्या."

लसणीची एक पाकळी सोलून झाली. मग दुसरी. "मी न्हाय उगाळनार."

"तुम्हीच तर म्हणत होता, वर्षाची झाली, सोडव."

"म्हनत होते." त्या उठल्या, आपल्या पेटीतून एक जुना पत्र्याचा डबा काढला आणि तो समिधाच्या हातात न देता ओट्यावर ठेवला. "मी न्हाय हात लावनार त्याला. तुझं तू बघ."

दोघींनाही माहीत होतं की बोलणं बोळाबद्दल चाललेलं नाही. पण दोघी त्या काळ्या खड्याकडेच बघत राहिल्या, जणू तोच तिथं काहीतरी करून बसला होता. समिधानं सहाण काढली, पाण्याचे थेंब टाकले आणि उगाळायला लागली. कडवट, जुनाट वास घरभर झाला. तिनं बोट चाटून पाहिलं. जीभ आत ओढली गेली. छान, तिला वाटलं. आणि 'छान' हा शब्द आपल्या मनात कसा उठला, कुणाच्या आवाजात उठला, याचा विचार तिनं केला नाही. बेडरूममध्ये जाऊन तिनं दोन्हीकडे लेप लावला, तो सुकेपर्यंत फुंकत बसली, आणि मग हाक मारली.

दिव्या आली, चढून बसली, तोंड लावलं. तोंड वाकडं झालं, जीभ बाहेर आली. ती रडेल म्हणून समिधा तयार होती. रडणार, हात झाडणार, आपण तिला उचलून खिडकीशी नेणार, कावळा दाखवणार, हे सगळं तिनं ठरवून ठेवलं होतं. पण दिव्या रडली नाही. तिनं आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या काळ्या डागाकडे, आणि आपल्या फ्रॉकचं टोक उचलून तो डाग पुसायला लागली. नीट, जीभ दातांत धरून, जसं टेबलावर सांडलेलं ती पुसायची. पुसून झाल्यावर परत तोंड लावलं. परत कडू. परत पुसलं. आईच्या अंगाला काहीतरी घाण लागलीय आणि ती काढायला हवी, एवढंच तिला कळत होतं. ती घाण आईनंच लावलेली असेल हे तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. समिधाचे हात तिला बाजूला घ्यायला उठले नाहीत. आता एका क्षणात मी हे सगळं धुऊन टाकेन, असं तिला वाटलं, आणि तिनं तो क्षण जाऊ दिला.

मग दिव्यानं सोडून दिलं. खाली उतरली आणि हॉलमध्ये गेली, आजीकडे. समिधा कुर्ता सारखा करत मागोमाग आली तेव्हा ती गोदूबाईंच्या मांडीत शिरून ब्लाउजची हुकं ओढत होती. गोदूबाईंनी तिचे दोन्ही हात आपल्या एका हातात धरून ठेवले होते आणि त्या समिधाकडे बघत होत्या. त्या नजरेत विचारणा होती, मागणं नव्हतं. पण समिधाला त्या वेळी फरक करता आला नाही.

"द्या ना," ती म्हणाली. "तुम्ही द्या. तुमचं तर कडू नाही."

गोदूबाईंचा चेहरा हलला नाही. खालून कुणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, तिचा आवाज येत राहिला. मग त्यांनी दिव्याला मांडीवरून उतरवून लादीवर ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या, दोरीवरचं एक लुगडं आणि मिसरीची डबी पिशवीत टाकली.

"मी गावाला जाते, तारोडीला. घर कवापासून बंद हाय. जरा हवा लागंल."

"आई, मी तसं..."

"तू बोललीस ते बोललीस," गोदूबाई म्हणाल्या. "मी हाय तवर ती सुटायची न्हाय." आणि चपला घालून गेल्या.

दिव्यानं दाराशी जो टाहो फोडला त्यानं सगळा मजला जागा झाला. समोरची हेमाली, गाऊनवर ओढणी टाकून, पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. "क्या हुआ समिधा? इतना क्यूं रो रही है बेबी?"

"छुडवा रही हूं. दूध."

"अच्छा, अच्छा." हेमालीला हायसं वाटलं. "मैंने तो लिपस्टिक लगाया था. बोला, लोही है, खून है, बेटा, मम्मी को लग गया. दो दिन में छूट गया. तुम टेन्शन मत लो. रोएगी, फिर भूल जाएगी."

रडेल, मग विसरेल. समिधानं दार लावून घेतलं. दिव्या दारालाच टेकून रडत राहिली, रडता रडता तिथंच आडवी झाली, झोपली, झोपेत हुंदके देत राहिली. समिधा बाजूला बसून राहिली. लोक म्हणतात तोडणं, सोडवणं. दोन्ही शब्दांत पोराचं काहीतरी होतं असं वाटतं. आपल्याला काय होतं त्याला शब्दच नाही. दुपारपर्यंत तिच्या छातीत गोळे झाले, नुसता कपडा लागला तरी जीव जायला लागला, आणि मग हातापायांत कापरं भरलं. तिनं कपाळाला हात लावून पाहिला. ताप. दिव्या उठली तेव्हा तिनं वाटीत खीर आणली. दिव्यानं तोंड फिरवलं. वरणभात आणला. तोंड फिरवलं. पाण्याचा पेला पुढं केला तर दिव्यानं तो हातानं लोटला आणि तिच्याकडे बघून अगदी शांतपणे म्हणाली, "आई कडू."

"नाही गं सोन्या, पाणी आहे. पाणी कडू नसतं."

"आई कडू," दिव्या परत म्हणाली आणि मागं सरकली.

तेव्हा समिधा उठली, बाथरूममध्ये गेली आणि साबणानं सगळं घासून काढलं, कातडी लाल होईपर्यंत, दुखण्यानं डोळ्यांतून पाणी येत असताना. परत आली, चेन उघडली. "बघ, गेलं सगळं. ये." दिव्या सोफ्याच्या कोपर्‍यात अंग चोरून बसली होती. तिनं पाहिलं आणि मान हलवली. समिधानं एक थेंब स्वतःच्या बोटावर घेऊन तिच्या ओठांना लावला. तिनं तो मनगटानं पुसून टाकला. ओठ कोरडे पडले होते. समिधाला एकदम लक्षात आलं की सकाळपासून हिचा डायपर भरलेला नाही. लॅबमध्ये अशी पोरं ती रोज बघायची. टाळू बघ, जीभ बघ, कातडी चिमटीत धरून सोडून बघ. तिनं पोटावरची कातडी चिमटीत धरली. ती बसली, लगेच बसली. पण तिचा विश्वास बसेना. तिनं परत धरली. दिव्या किंचाळली. आपण आता काय करतोय? तिनं गोदूबाईंना फोन लावला आणि तो आतल्या खोलीत, गादीखाली कुठंतरी वाजायला लागला.

धनेशचा फोन लागत नव्हता. तिनं दिव्याला उचललं. ती कडेवर येईना, हात ताठ करून मागं वाकत राहिली, म्हणून तिनं तिला पाठीमागून धरलं, चोरून आणलेल्या पोरासारखं, आणि खाली येऊन रिक्षा थांबवली. "तारोडी. डोंगरीच्या पुढं." रिक्षावाल्यानं रडणार्‍या पोराकडे, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि भाड्याचं न बोलता मीटर टाकला. पुलावरून पश्चिमेला उतरून, बाजार मागं टाकून रिक्षा मिठागरांच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडे उन्हानं पांढरे पडलेले चौकोन, मधे पाण्याचे आरसे. समिधा डोळे मिटून घेत होती आणि मिटले की तिला बेसिन दिसत होतं. डॉक्टरकडे जायला हवं होतं. मी डॉक्टरकडे का जात नाहीये? कारण डॉक्टर विचारेल, सकाळपासून काय घेतलं? काहीच नाही. का? आणि तिला ते सांगता येणार नाही. पण त्याहून खरं कारण वेगळं होतं आणि ते डोंगरीचा चढ लागला तेव्हा तिनं स्वतःशी कबूल केलं. ही पोर जगात आणखी एकाच माणसाच्या हातचं पाणी पिईल हे तिला ठाऊक होतं.

गोदूबाईंचं घर गल्लीच्या टोकाला होतं. दारं उघडी टाकलेली, आणि त्या अंगणात खराटा मारत होत्या. वार्‍यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास होता. दिव्या आजीला बघून रडायची थांबली. समिधानं तिला खाली सोडलं आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "पाणी पीत नाही. माझ्या हातचं काहीच घेत नाही. सकाळपासून." तिला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण दात वाजत होते.

गोदूबाईंनी खराटा ठेवला. त्या आत गेल्या. चुलीवर त्यांनी स्वतःपुरती पेज ठेवली होती. तिच्यात मीठ टाकून, वाटीत घेऊन, फुंकून, त्या पायरीवर बसल्या. दिव्या त्यांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली आणि वाटीला तोंड लावून प्यायली. घटाघटा, श्वास घ्यायला थांबत, परत पीत. वाटी संपली तेव्हा तिनं ती उलटी करून पाहिली. ब्लाउजला हात घातला नाही. समिधा दाराच्या चौकटीला धरून खाली बसली. तिच्या अंगातलं काहीतरी इतका वेळ ताठ उभं होतं, ते बसलं.

"आनखी देते," गोदूबाई दिव्याला म्हणाल्या. आणि मग, दिव्याकडेच बघत, समिधाला, "तुझा नवरा असाच सुटला. माझ्यामुळं. मना भाईंदरला मासळी विकायला जायला लागायचं, धनेशचे बापूस रामनाथ होडीवर. पोर पाठी ओरडायचं. मंग जावेकडं ठेवला नि माहेरी जाऊन र्‍हायले, सुटंपर्यंत. आले तं जावेच्या मागं लपला. मना बघून लपला." त्यांनी वाटी परत भरली. "पुढं समदं नीट केलं त्यानं. फ्लॅटात नेलं, दवापानी केलं. पन तसा अंगाला परत न्हाय आला."

दिव्यानं परत वाटीला तोंड लावलं.

"हिनं आपनहून हात घातला. मना कळत होतं, हे तुझं हाय. मी काय खुळी न्हाय. कळत होतं नि घेतली." त्यांनी आता समिधाकडे पाहिलं. माफी मागत नव्हत्या. नुसतं सांगत होत्या. "आता न्हाय घेनार. पन घेतली हे खोटं बोलनार न्हाय."

राग गेला नव्हता. समिधानं तो चाचपून पाहिला. होता, जागेवर होता. पण त्याला धरून ठेवायला हातांत जोर नव्हता. "मी जे बोलले सकाळी..." ती म्हणाली.

"ते खरंच हाय. माझं कडू न्हाय नि गोड बी न्हाय." गोदूबाई उठून जवळ आल्या आणि तिच्या कपाळाला हात लावला. मग न विचारता कुर्त्यावरूनच बाजूला दोन बोटं टेकवली. समिधा ओरडली. "दगड झालाय. अशीच आलीस रिक्षातून? मरशील की." त्या आत गेल्या, चुलीवर पाणी चढवलं, एक जुनं सुती लुगडं फाडलं. "मागं टेक. काढ ते वरचं. हितं कोन येतंय."

आयुष्यात आईशिवाय घरातल्या कुठल्या बाईनं तिला असं पाहिलं नव्हतं, आणि आईनंही पुरतं नाही. तिनं डोळे मिटले. गरम कापड छातीवर आलं तेव्हा तिनं दोन्ही मुठी आवळल्या. मग गोदूबाईंची बोटं, मासळी साफ करून करून खरखरीत झालेली, काखेकडून खाली यायला लागली, सावकाश, दाबत, गाठ शोधत. दुखणं इतकं होतं की त्याच्या आत कुठलाच विचार उरला नाही, ना मिसरी, ना ओटा, ना कोण कुणाची. एका जागी बोटं थांबली, फिरली, परत फिरली आणि आतून काहीतरी सुटलं. पहिली धार तिच्या स्वतःच्या हनुवटीवर उडाली. मग गोदूबाईंनी ताटली खाली धरली आणि दूध तिच्यात वाजत पडायला लागलं.

दिव्या पायरीवरून बघत होती. वाटी ठेवून ती आली, अगदी जवळ, दोघींच्या मधे. ताटलीत बोट बुडवलं, पाहिलं, फ्रॉकला पुसलं. मग आईच्या छातीकडे पाहिलं. ती लाल, सुजलेली, कातडी दुपारी घासून सोललेली.

गोदूबाईंचा हात थांबला. "लाव तिला," त्या कुजबुजल्या. "येतेय आपनहून. लाव."

समिधा पुढं झाली. पाठीतून कळ गेली तरी झाली. पोरीच्या तोंडापाशी आपली छाती नेताना तिला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मी धुतलंय, तिला सांगायचं होतं, आता काही नाही त्याच्यावर. दिव्यानं दोन्ही हात तिच्या पोटावर टेकले, तोंड जवळ आणलं. इतकं जवळ की तिचा पेजेचा श्वास ओल्या कातडीला लागला. दोन्ही बायका हलल्या नाहीत.

"बाऊ?" दिव्यानं विचारलं.

"हो," समिधा म्हणाली. "आईला बाऊ."

दिव्यानं गाल फुगवले आणि फुंकर घातली. एकदा, मग जरा थांबून, बरं वाटलं का बघून, आणखी एकदा. मग तिचं काम झालं. अंगणात कुणाची तरी कोंबडी पिलं घेऊन आली होती. ती "आजी, बघ" म्हणत त्यांच्या मागं गेली, आणि मागं वळून पाहिलं नाही.

समिधा पुढं झुकलेली तशीच राहिली. चेन उघडी, हात हवेत, जणू अजून कुणी मांडीवर चढून बसणार आहे. फुंकर लागली होती तेवढी जागा वार्‍यानं गार पडत होती. ती सोडेल तेव्हा, ती म्हणत आली होती. पण ती अशी, आपल्या मागे पेजेचा वास ठेवून, पिलांमागं पळत जाईल असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं, हाक मारायला. मग मिटलं.

गोदूबाईंनी ताटलीतलं दूध अंगणातल्या शेवग्याच्या मुळाशी ओतलं, आत जाऊन कापड परत गरम पाण्यात बुडवून पिळून आणलं आणि तिच्या शेजारी बसल्या.

"इकडं फिर," त्या म्हणाल्या. "दुसरी बाजू र्‍हायली."

समिधा फिरली.